बाबुशच्या पेटीभोवती मुंग्या

२५ मार्च, मंगळ.
सकाळी बाबुश पेटीतून बाहेर आलाच नाही. वाकून बघते तर मान, पुढचे पाय, डोळ्यांच्या कडा, सगळीकडे लाल मुंग्या. उचलून न्हाणीत नेला, कोमट पाण्याच्या टबात धुतला. चार किलोचं कासव, घाबरलं की दहा किलोचं होतं. उजवा डोळा सुजून बंद. माझ्या दोन्ही हातांवर गांधी उठल्या.
गेल्या जूनमध्ये आमची लेक रीटा नर्सिंगच्या नोकरीला आयर्लंडला गेली तेव्हा हा आमच्याकडे आला. परदेशी जातीचा. नोंदणीचे कागद येशूच्या आल्तारामागच्या फायलीत, सोबत लेकीच्या अक्षरातल्या चार पानांच्या सूचना. गवत, पाला, जास्वंदीची पानं. फळं नाहीत, गोड नाही. पास्कोलनी तेव्हाच म्हटलेलं, "कासवाक चार पानां नियम. माका लग्नात एक पण नाय गावलो."
आज मात्र नवऱ्याला विनोद सुचेना. झाडू घेऊन अंगणभर.

२६ मार्च, बुध.
शेजारचे बाबलभाऊ कुंपणापलीकडून मुंग्यांच्या पावडरचा डबा घेऊन आले. काजूबाग त्यांचीच. "टीचर, ही मारा. एक मुंगी, एक हुमलो रवाचो नाय."
पास्कोलनी (पुढे नुसतं पा. लिहिते) झाकण उघडलं पण होतं. मी डबा काढून घेतला. पावडर गवतावर पडली की गवताबरोबर बाबुशच्या पोटात. मग खडूची रेघ मारा म्हणाले. तेही विषच. बाबलभाऊ दुखावले.
"मगे मुंगयांका चिठ्ठी लिवा."

२८ मार्च, शुक्र.
कणकवलीला डॉक्टरांकडे. बाबुश कपड्यांच्या टोपलीत, एसटीत पा.च्या मांडीवर. कंडक्टर पा.ना डेपोत मेकॅनिक होते तेव्हापासून ओळखतो. टोपलीत काय ते बघितलं आणि पुढे जाऊन बसला, परत आला नाही.
डॉक्टर प्रामाणिक. म्हणाले, "माझ्याकडे म्हशी येतात." पण कोल्हापूरच्या कुठल्याशा मित्राला फोन लावला, अर्धा तास बोलले. डोळ्यात घालायचे थेंब, दिवसातून तीनदा. पेटी कोरडी ठेवा, फवारणी काही करू नका, दोनतीन आठवडे रात्री घरात घ्या. मग निघताना विचारलं, "मुंग्या उगाच येत नाहीत. याला कोणी गोड घालतं का?"
"कोणी नाही," मी म्हटलं. पा.नी पण जोरात मान हलवली.
संध्याकाळी रीटाचा व्हिडिओ कॉल. बाबुशची डावी बाजू दाखवली. झोपलाय म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला दोघांना जमत नसेल तर सांगा, पुण्याची मैत्रीण त्याला न्यायला तयार आहे. जमतं, आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

३१ मार्च, सोम.
पा.चं यंत्र तयार. पेटीला चार पाय, प्रत्येक पाय पाण्याच्या डब्यात. दुपारपर्यंत एक मुंगी नाही. शेजारी बोलावून दाखवलं.
मग लक्षात आलं की बाबुशला चढता येत नाही. म्हणून फळी लावली. दहा मिनिटांत मुंग्या फळीवरून, रांगेने. बाबुश अजून खालीच.

३ एप्रिल, गुरु.
पा. आज चष्मा लावून, गुडघ्यांवर, मुंग्यांच्या रांगेमागे. दोन तास. पेटीपासून निघाले, कुंपणाच्या कडेने जास्वंदीच्या कोपऱ्यात पोचले. पाल्याखाली अर्धवट खाल्लेले काजूचे बोंडू, सहासात, सडलेले. त्यावर मुंग्यांचा बाजार.
वर बघितलं तर बाबलभाऊंच्या काजूची फांदी बरोबर आमच्या बाजूला. पा. तडक तिकडे. शनिवारी फांदी तोडायचं ठरवून आले. यंदा सगळ्यात जास्त बी त्याच फांदीला आहे. बाबलभाऊ म्हणाले म्हणे, टीचरच्या कासवाचा डोळा जाण्यापेक्षा फांदी गेलेली बरी.
मी जेवले नाही.

४ एप्रिल, शुक्र.
इथे तरी खरं लिहिते. बोंडू मीच घालते. रोज चारला एक, पा. झोपलेले असताना. खाली पडलेले वेचायचे, त्यातला मऊ बघून द्यायचा. फेब्रुवारीत पहिला खाल्ला तेव्हा डोकं वर करून माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, इतकं मन लावून माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस मी स्वतः गोड सोडलंय. घरात कोणाला तरी मिळू दे, असं...
नाही, ही पण सबबच.
संध्याकाळी चर्चमध्ये कुमसार, पापांची कबुली. सगळं सांगितलं. फादर पलीकडून जाळीजवळ सरकले. मग विचारलं, "कासवाला?"
हो म्हटलं.
म्हणाले, देवाला कळलं, आता नवऱ्याला सांगा. आणि फांदी तुटायच्या आधी सांगा.

५ एप्रिल, शनि.
सकाळी सांगणार होते. चहा झाला, नाश्ता झाला. बाबलभाऊ कोयता कमरेला लावून झाडावर चढले. पा. खाली दोर धरून. पहिला घाव पडणार तेवढ्यात मी कुंपणाशी गेले.
"बाबलभाऊ, खाली उतरा. बोंडू मियाच घालतंय त्याका."
पा.च्या हातातला दोर सुटला. थोड्या वेळाने झाडावरून आवाज आला, "मगे तोडू काय नको?"
नको, पा. म्हणाले. माझ्याकडे न बघता घरात गेले.

६ एप्रिल, रवि.
पा. बोलत नाहीत. कामं मात्र दोघांनी मिळून. बोंडू, सडका पाला, सगळं उचलून लांब नेलं. चाऱ्याची थाळी आता पाण्याच्या परातीत, पाणी बोटभरच. उरलेलं गवत दुपारच्या आत काढायचं. कुंपणाबाहेर मुंग्यांचं वारूळ सापडलं. बाबुशला न्हाणीत कोंडून पा.नी उकळतं पाणी ओतलं. उद्या, परवा पुन्हा.

१४ एप्रिल, सोम.
उजवा डोळा उघडला. पूर्ण नाही, पण उघडला. पेटीत तीन दिवस मुंगी नाही. पा.ना हाक मारली. येऊन बघितलं आणि म्हणाले, "माका सांगलं असतंस तर मी पण एक दिलंय असतंय." नऊ दिवसांनी पहिलं वाक्य.

२० एप्रिल, ईस्टर.
चर्चमधल्या मिस्सानंतर रीटाला खरं सांगितलं. डोळा, बोंडू, डॉक्टर, सगळं. ती रागावली असती तर बरं. तिने नुसतं कॅलेंडर काढलं. मग म्हणाली, पुण्याची मैत्रीण ४ मे, रविवारी मालवणला चाललीय. वाटेत थांबेल, बाबुशला बघेल, मग काय ते ठरवू.
केक कापला. कोणीच फारसा खाल्ला नाही.

२७ एप्रिल, रवि.
बाबुश गवत खातो. पण चार वाजले की जास्वंदीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मीही पाट घेऊन बसते. हात रिकामे दाखवते. त्याचा विश्वास बसत नाही.

३० एप्रिल, बुध.
पा. पहाटेपासून अंगणात. दोऱ्या, खुंट्या, वाळू, सिमेंट. बाबुशची जागा विहिरीपर्यंत वाढवायची, भोवती पाण्याची पन्हळ बांधायची. दुपारपर्यंत एक बाजू झाली पण. जेवायला आले तेव्हा कोपरापर्यंत सिमेंट.
मैत्रीण चार दिवसांवर. मग हे कशाला, ते मी विचारलं नाही.
ताट सारून उठताना एवढंच म्हणाले, "आठ दिवस पाणी मारूक होया. सकाळ-संध्याकाळ. ता तुझ्याकडे."