खडीच्या कागदावरची रेघ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या चारच अंगांनी, उरलेली चार भेटीत). तुझा रक्तदाब कसा आहे? पत्र वाचण्याआधी गोळी घेतलेली बरी. शनिवारी वहिनीची गाडी चालवण्याची परीक्षा आहे, दोनदा नापास झाल्यावर तिचा हात फक्त तुमच्याच गाडीवर बसला आहे, आणि ती गाडी आठवड्यासाठी मी मागून आणली आहे, हे सगळं माझ्या नीट लक्षात आहे. गाडी सुखरूप आहे. इतकी सुखरूप की तिला कुणी हलवूच शकत नाही.

त्याचं असं झालं. फाटकापासून पायरीपर्यंत चिखल होतो म्हणून वाटेवर खडी टाकायचं ठरलं. किती लागेल ते मी मोजते म्हटलं, कारण ह्यांचा सगळा जन्म अंदाजावर गेला आहे (लग्नाला होकारही अंदाजेच दिला होता, असं म्हणतात). लांबी छत्तीस फूट, रुंदी दहा, थर चार इंच, एकशेवीस घनफूट. मग मनात आलं, टेप सैल तर नव्हती ना? म्हणून लेकीला दुसरं टोक धरायला लावलं. ती मोबाइल बघत मागे मागे सरकत गेली आणि वाट साडेचाळीस फूट झाली, एकशेपस्तीस. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे गवंडीकाका म्हणाले, "ताई, खडी दबते. पहिल्या मापावर पाव हिस्सा जास्त धरा." म्हणजे दीडशे. आता ह्यातला खरा आकडा कोणता? एकच कळवला तर उरलेल्या दोघांवर अन्याय आणि दुकानदाराची दिशाभूल, असं मला वाटलं (तुला माहीत आहे माझं वाटणं). म्हणून मी तिन्ही आकडे प्रामाणिकपणे एकाखाली एक लिहिले, शेवटी सरळ रेघ मारली (लिहून संपलं की मी रेघ मारते, डायरीतसुद्धा) आणि कागद दुकानात पाठवला. दुकानदाराने बेरीज केली.

चारशे पाच घनफूट म्हणजे किती हे कागदावर कळत नाही, फाटकात कळतं. मी वही शोधायला आत गेले होते, बाहेर येते तर दोन डंपर रिकामे. आत गाडी, बाहेर रस्ता, मधे डोंगर. दुकानदाराला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, तीन आकडे, खाली रेघ. रेघेखाली जागाही सोडलेली. मी दुसरं काय करणार होतो?" मला त्याचं म्हणणं पटलं, हीच तर पंचाईत. हे खिडकीत उभे राहून डोळे पुसत होते. "चौथ्यांदा मोजलं नाहीस, उपकार झाले," म्हणाले. हल्ली ते बूट हातात घेऊन डोंगर ओलांडतात आणि ऑफिसला जातात. काल माथ्यावर थांबून त्यांनी गवंडीकाकांना हात केला. लेक मैत्रिणींना घसरायला बोलावते. मी दोन दिवस उपसते आहे. तीनशे अकरा घमेली झाली, वाट पायरीपर्यंत भरली (गाडीच्या पोटाखालीसुद्धा, वाकून), पण डोंगराने मनावर घेतलेलं दिसत नाही.

वहिनीला म्हणावं, निर्धास्त राहा. फक्त चढावर गाडी घालायचा सराव करून ठेव.

तुझी धाकटी

ता. क. शुक्रवारी सकाळी फावडी आणि मिळतील तेवढी माणसं घेऊन ये. तुमच्याही अंगणात खडी हवी असेलच. नसली तर हवी आहे असं ठरवून ये.

ता. क. एक राहिलं, आणि लपवलं तर मला घास गिळवणार नाही. दुकानदार जास्तीची खडी तेव्हाच परत न्यायला तयार होता, डंपर उभेच होते. मीच म्हटलं, जास्तीची म्हणजे नेमकी किती ते आधी मोजू दे. तासभर वाट बघून तो गेला. मोजणं अजून चालू आहे. शंकूच्या घनफळाचं सूत्र आठवत असेल तर तेवढं फोनवरच सांग.