पांढऱ्या कपाटावरचा अंगठा

सांगली, ५ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप शरयूताईस देवदत्तचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? (अकरा महिन्यांत माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. साताऱ्यात टपाल अजून वाटतात असं ऐकतो.)

पत्रास कारण, ते कपाट. गेल्या दिवाळीत ओल्या रंगावर अंगठा टेकवून तू "वाळलं का रे?" विचारलंस, तेच. साठी उलटली तरी तुझे हात आवरत नाहीत, असं मी बोललो आणि भाऊबीजेच्या सकाळी न ओवाळताच तू पहिल्या एसटीने साताऱ्याला निघून गेलीस. ते कपाट मी गेला महिनाभर पुन्हा करत होतो.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. वरून गुळगुळीत, पण कापलेल्या कडा रंग नुसता पितात. तीन हात दिले, तरी कडा कोरड्याच्या कोरड्या. शेवटी आप्पासो सुतार बघून हसला. "आवं, आदी कडांची तोंडं बंद करा, मग रंगाचं बघा. लय पित्यात त्या." मग पांढऱ्या डिंकात पाणी घालून कडांना चोपडलं, वाळल्यावर काचपेपरने घासलं, पुन्हा चोपडलं, पुन्हा घासलं, वर प्रायमर, परत घासणं. (हाताच्या रेषा झिजल्या. आता ज्योतिषालाही काही सांगता येणार नाही.) पांढरा रंग दिला त्या दिवशी नेमकी शेजारच्या वखारीत हळद पोत्यांत भरत होते. संध्याकाळपर्यंत कपाट नवरीसारखं पिवळं! पुन्हा काचपेपर.

या खेपेला दारं-खिडक्या लावून रंग दिला. दोन दिवस घरात कुणी आलं नाही. (तसंही कुणी येत नाही.) आता कपाट पुरं झालं, त्यात तोंड दिसतं. कुठे बोट नाही, ठसा नाही. कौतुकाने स्टूल घेऊन समोर बसलो, तर त्यात मी दिसलो आणि मागची रिकामी खुर्ची दिसली. ताई, फार एकटं वाटलं गं. आपल्या घरात ओल्या रंगाला कुणाचा हात लागला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

तू यावंस असा माझा मुळीच आग्रह नाही. मी कामात असतो.

तुझा धाकटा,
देवदत्त

ता. क. चुकलं ते माझंच. भाऊबीजेला ये.

आणखी ता. क. कपाट पुरं झालं असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. खालच्या खणाच्या दाराचा शेवटचा हात राखून ठेवलाय. तो भाऊबीजेच्या सकाळी देईन. तुझी एसटी साडेदहाला पोचते. तोवर वाळणार नाही.