कुसुमबाईचं पिवळं रान

२१ एप्रिल

अर्धा किलो मातीचा खर्च. लॅबची फी किरकोळ, ती धरत नाही. खरा खर्च असा — एक सकाळ दुकान बंद. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा. बायकोची, गंगम्माची, पापड वाळवायची पांढरी चादर, आता काळी. त्यावरून तिचं बोलणं, ते अजून चालू आहे. आणि कुसुमबाईचे तीन कप चहा, साखर इतकी की दात शिवशिवले.

माती कुसुमबाईच्या दोन एकराची. पाच वर्षं झाली, तिचं सोयाबीन जुलैत पिवळं पडतं. परवा दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, यंदा शेवटचं. पुन्हा पिवळं पडलं तर रान ठोक्यानं कसायला देते अन् लेकीकडं पुण्याला जाते. फ्लॅटमधी बसून टीव्ही बघते." हसत म्हणाली. पण माझे कान तिखट आहेत. हसू वरवरचं होतं.

ही बाई गेलेली मला चालणार नाही. मानवतला गोदामात पोती वाहून पाठ सोलली, तेव्हा कुठं सोनपेठात खताचं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुत्रं फिरकलं नव्हतं. पहिलं पोतं नेलं ते हिनं. स्वतःच्या डोक्यावर. बावीस वर्षं झाली त्याला.

नमुना मात्र शास्त्रशुद्ध काढला. आमची लेक शिवकन्या परभणीला कृषी विद्यापीठात माती शिकते. ती फोनवर सांगत गेली, मी खड्डे घेत गेलो. नागमोडी चालत दहा ठिकाणं, वीतभर खोल. सगळी माती चादरीवर मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत अर्धा किलो उरली. दुकानात डीएपी खताचं एक रिकामं पोतं होतं, त्यात बांधली. उद्या एसटीनं परभणी.

२२ एप्रिल

एसटीत मागच्या सीटवरचे दोघं माझ्याबद्दलच बोलायले होते. मी मान वळवली नाही, कान वळवले.

"सोनपेठचा चंद्रप्पा? कायबी घेऊन जा त्याच्याकडं. पान पिवळं, युरिया. वाढ न्हाई, युरिया. पोरगं नापास झालं तरी युरियाच दील."

ते उतरायला उठले तेव्हा नमस्कार घातला आणि नाव सांगितलं. एक जण पिशवी सीटवरच विसरून उतरला. ती मीच खिडकीतून दिली.

९ मे

रिपोर्ट आला. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस — अत्यंत जास्त. साधं जास्त नाही, अत्यंत. आकडा दोनदा तपासलाय म्हणे.

डीएपीत मुख्य स्फुरदच असतं. म्हणजे बावीस वर्षं मी जे त्या रानाला खाऊ घातलं ते साठून बसलंय! शेजारच्या चहावाल्या मुंजाजीला रिपोर्ट वाचून दाखवला. बाजारला आलेल्या सहा-सात जणांना दाखवला. कुसुमबाईला सांगून टाकलं, यंदा खताचं एकही पोतं घेऊ नका. खतवाल्याच्या तोंडून असं वाक्य सोनपेठात पहिल्यांदा निघालं असेल.

मुंजाजी माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला, "शेठ, ताप तर न्हाई ना?"

११ मे

शिवकन्या सुट्टीला आली. रिपोर्ट दोनदा वाचला. मग विचारते, "अप्पा, माती कशात नेली होती?"

"पोत्यात."

"कशाच्या?"

सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसतच सुटली. "म्हणजे आपण डीएपीचं पोतं तपासून आणलं. अन् त्यात डीएपी निघालं."

गंगम्माला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसली. चादरीची भरपाई.

पोत्याच्या शिवणीत दाणे अडकून राहतात. अर्धा किलो मातीला तेवढी चिमूटही लय झाली. जन्म पोत्यांत गेला माझा. मला रिकामं पोतं म्हणजे रिकामंच दिसतं.

संध्याकाळी कुसुमबाईकडं जाऊन चुकलो म्हणालो. ती कोथिंबीर निवडत होती, वर बघितलंही नाही. "मला वाटलंच, भाऊ. एवढं श्रीमंत रान असतं तर सोयाबीनला कावीळ कशाला झाली असती?"

शाळेची पायरी न चढलेली बाई.

१३ मे

पुन्हा दहा खड्डे. नवी कापडी पिशवी. गंगम्मानं चादर दिली नाही, माझंच जुनं धोतर दिलं.

३१ मे

खरा रिपोर्ट. स्फुरद कमी. चुना भरपूर. लोह फारच थोडं.

शिवकन्यानं ओट्यावर बसवून शिकवलं. आपल्या काळ्या रानात चुना फार, तो स्फुरदाला आणि लोहाला धरून बसतो. लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. त्यात पाणी साचलं की आणखीच अवघड. मग वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची जुनी पानं पिवळी पडली तर गोष्ट वेगळी, तिथं नत्र कमी, युरिया फक्त तिथं.

बावीस वर्षं मी वरचं पान आणि खालचं पान एकच धरत आलो. एसटीतल्या त्या दोघांना चहा पाजला पाहिजे.

रिपोर्टात उपाय दोन. पेरताना सुपर फॉस्फेट. पिवळं दिसलं की हिराकसची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, फवारणी. कागदाच्या तळाशी लेकीनं स्वतःच्या अक्षरात तिसरं लिहिलं — "खालच्या अंगाला चर काढा, पाणी साचू देऊ नका." मी म्हणालो, चर माझ्या दुकानात मिळत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच हातानं लिहिलं, अप्पा."

२३ जून

कुसुमबाईची पेरणी झाली. सुपर फॉस्फेट माझ्यासमोर पेरलं. तिफणीमागं चालताना बाई वीस वर्षांनी लहान दिसत होती.

१४ जुलै

आठ दिवस झड. आज उघडीप मिळाली तसं रान बघायला गेलो. पिवळं. खालच्या अंगाला तर हळद शिंपडल्यासारखं. एक पान तोडून बघितलं — शिरा हिरव्या, बाकी पिवळं. पोरीनं सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. एवढं वाईट दिसत असताना मला आनंद झाला, हे कुणाला सांगू नये. आजार ओळखू आला होता ना!

कुसुमबाई बांधावर बसून होती. "पुण्याला फोन लावू का, भाऊ?"

"आठ दिवस लावू नका."

धावत दुकानात. हिराकसचे दोन पुडे, एकराला एक. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, त्यात लिंबाचा रस. आमच्या दारातल्या झाडाची टोपलीभर लिंबंही नेऊन दिली. तीनदा समजावलं. ती म्हणाली, "एवढं का घाबरायलाव? सगळं समजलंय मला."

१५ जुलै

पुन्हा पाऊस. औषध धुऊन जाईल, आज फवारू नका म्हणून फोन केला. उचलला नाही.

१९ जुलै

कालपासून ऊन. फोन केला. म्हणाली, "कामात हाय, मागून बोलते." मागून बोलली नाही. फवारायलीय, दुसरं काय.

२७ जुलै

हिरवं!

सकाळी मोटारसायकल बांधावर टाकून आत शिरलो. नवी पानं निघालीत ती पोपटी नाहीत, गर्द. खालच्या अंगालासुद्धा. कुसुमबाई खुरपं घेऊन उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. म्हणाली, "पुण्याचं ऱ्हाऊ द्या आता. लेकीला म्हणलं, तूच ये दिवाळीला."

येताना मी मोटारसायकलवर गाणं म्हणत होतो. रस्त्यात कोणी नव्हतं म्हणून बरं.

२८ जुलै

दुकानापुढं पाटी लावली. स्वतः रंगवली — "सोयाबीन पिवळं? चंद्रप्पाचा डोस. आठ दिवसांत हिरवंगार. खात्री कुसुमबाईच्या रानात बघा." गंगम्मा वाचून म्हणाली, "डोस लेकीचा, रान बाईचं, पाटीवर नाव तेवढं तुमचं."

ऑगस्ट, पहिला आठवडा

रोज माणसं. रोज हिराकस. मी आता आधी पान मागतो. पान आणलं नाही तर परत पाठवतो. दोघांच्या रानात तर नत्र कमी निघालं, त्यांना युरियाच दिला, मनाची लाज न ठेवता.

आज बाजारला कुसुमबाई दुकानात बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला मी तिच्याकडं बोट करून सांगायचो, "ह्यांना विचारा." बाई पदर तोंडाला लावून नुसती मान हलवायची. लाजते बिचारी.

मुंजाजीनं चहाच्या टपरीवर खडूनं लिहिलंय — चंद्रप्पाचा चहा, आठ मिनिटांत हिरवेगार.

१२ ऑक्टोबर

कुसुमबाईची मळणी. एकरी नऊ क्विंटल. गेल्या साली चारही नव्हतं. फोनवर शिवकन्याला सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हणालो, सर्दी झाली का. म्हणाली, "हो अप्पा, लय सर्दी."

रात्री जेवताना गंगम्माला म्हणालो, अर्धं सोनपेठ माझ्या डोसावर हिरवं झालं. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१५ ऑक्टोबर

कुसुमबाईनं जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, ताटात डावीकडं लिंबाचं लोणचं. लोणचं असं की मी तीनदा मागून घेतलं. विचारलं, लिंबं कुठली.

"तुमचीच की, भाऊ."

मग सांगितलं. पाऊस उघडला तशी ती आणि शेजारीण फावडं घेऊन रानात उतरल्या. चार दिवस चर काढला, साचलेलं पाणी ओढ्याला लावलं, माती सुकून वाफसा आल्यावर ओळींमधून कोळपणी केली. चार-पाच दिवसांत नवं पान हिरवं निघायला लागलं. "मग उगं कशाला फवारायचं? सांगणार होते. पण तुमी पाटी लावली."

कोनाड्यात हिराकसचे दोन पुडे होते. एकही फोडलेला नव्हता.