बेसच्या बटणावरचा ठिपका

मांजरी, पुणे
१४ जानेवारी २०२५

ती. दिगूमामांस,
स्पृहाचा सा. न. तिळगूळ पाठवत नाही, पाकिटात त्याची पूड होते. तेव्हा गोड बोलायचं बंधन यंदा दोघांवरही नाही.

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की तुमचं गुपित शनिवारवाड्याच्या दरवाजापर्यंत जातं. तुमचा व्हॉट्सॅप आमोददादाने स्वतःच्या लॅपटॉपला जोडून ठेवलाय आणि तो कसा काढायचा हे तुम्हाला येत नाही. मला जे सांगायचंय ते नेमकं तुमच्या या चिरंजीवांपासूनच लपवायचं आहे.

रविवारी हडपसरला एका सोसायटीत आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. दादा गिटार वाजवतो आणि गातो, साई ड्रम वाजवतो, मी बेस गिटार. शेवटी सेक्रेटरीकाकांनी दादाला आणि साईला गुच्छ दिले आणि मला विचारलं, की निवेदन तुम्ही करणार होतात ना, मग आयत्या वेळी काय झालं. दीड तास मी त्यांच्या डोळ्यांसमोर चार जाड तारा ओढत उभी होते.

परतताना टेम्पोत दादा शांतपणे म्हणाला, की सोळा फेब्रुवारीच्या कार्यक्रमातही बेस ऐकू आला नाही तर पुढे तो लॅपटॉपवरूनच लावेल. वाईट वाटून घेऊ नकोस, असंही म्हणाला. मी वाईट वाटून घेतलं. मामा, आठवडाभर मी ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. सरावाचे ते पाच-सहा तास तेवढे माझे आहेत. तेही गेले तर मी काय करायचं, मला खरंच कळत नाही.

मी तीन पेडल विकत घेतलीत. म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडायचे, पायाने दाबायचे डबे. कम्प्रेसर लहानमोठा आवाज एका पातळीवर आणतो, ओव्हरड्राइव्ह त्याला खरखरीत धार देतो आणि तिसरा इक्वलायझर, त्यात जाड, मधला, बारीक अशा आवाजांच्या पट्ट्या वेगवेगळ्या वरखाली करता येतात. घरी हेडफोनवर असा आवाज येतो की मीच माझ्या प्रेमात पडते. स्टेजवर गेलं की नुसती गुरगुर, वर घरघर. अडतीस वर्षं तुम्ही पुण्यातल्या लग्नांना आणि व्याख्यानांना लाउडस्पीकर पुरवलेत. काहीतरी सुचवा.

आधी आवाज वाढू दे, लोभ तुमच्या सवडीने वाढवा.
तुमची,
स्पृहा


शनिवार पेठ, पुणे
१८ जानेवारी २०२५

चि. स्पृहा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाईट आहे, पण खरेदीइतकं नाही. आवाज ऐकू येत नाही म्हणून तीन डबे आणणं म्हणजे भाजी अळणी झाली म्हणून तीन पातेली आणणं. आता आणलेच आहेत तर वापरू.

हेडफोनमध्ये तू एकटी असतेस, आणि एकटं असताना सगळेच गुणी असतात. इक्वलायझरच्या पट्ट्या कशा लावल्यास ते तू लिहिलं नाहीस, तरी मी सांगतो. दोन्ही टोकं वर आणि मधल्या पट्ट्या खाली. बरोबर? घरी ते छान वाटतं, कारण मधला भाग जरा नाकातला, बोजड असतो. पण अगं, गर्दीत सूर ओळखू येतो तो त्या मधल्या भागामुळेच. तू सूर काढून टाकलास आणि नुसता धक्का ठेवलास. धक्के द्यायला ड्रमवाला आहे.

तेव्हा मधल्या पट्ट्या वर घे. अगदी तळातली गुरगुर थोडी काप, ती फक्त स्पीकरला दमवते. कम्प्रेसर असा ठेव की आहे हे तुलाही विसरायला होईल. ओव्हरड्राइव्ह चिमूटभर, आणि त्यात साधा आवाज मिसळता येत असेल तर मिसळ. घरघर येते म्हणजे तिन्ही डबे तू एकाच स्वस्त अॅडॅप्टरवर टांगलेले असणार. प्रत्येकाला स्वतंत्र वीज देणारा पुरवठा मिळतो, तो घे. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढ असं कोणी शहाण्याने सांगितलं तर त्याला माझा पत्ता दे.

हे सगळं लावताना हेडफोन काढून ठेवायचे आणि बाकीचे दोघे वाजवत असायला हवेत. काय होतं ते कळव.

चिरंजीवांना मी काही बोलणार नाही. त्याने दुकान चालवायला नकार दिला आणि मी ते बंद केलं, तेव्हापासून आमचं बोलणं पाणी आलं का आणि किल्ली कुठे आहे एवढंच आहे. कान मात्र त्याचा चांगला आहे. हे त्याला कळवायची गरज नाही.

प्रकृतीस जपणे, शेजाऱ्यांच्याही.
तुझा,
दिगूमामा


मांजरी, पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न.

पट्ट्या तुम्ही म्हणालात तशाच लावलेल्या होत्या. हे कबूल करताना मला जो त्रास झाला त्याचा तुम्ही आनंद घ्याल हे मला माहीत आहे.

नवा पुरवठा आणला, घरघर गेली. मधल्या पट्ट्या वर केल्या आणि घरी स्पीकरवर वाजवून पाहिलं. शेजारच्या तुळजाबाई दार वाजवून विचारून गेल्या, की मिक्सर बिघडलाय का. तरी मी पट्ट्या खाली केल्या नाहीत.

काल सरावाला दादाला उशीर झाला म्हणून आधी साई आणि मी दोघंच वाजवत होतो. पाच मिनिटांनी साई थांबला. म्हणाला की तीन वर्षांत आज पहिल्यांदा कळलं की तू गाण्यात नेमकं काय करतेस, आणि तू बरंच काही करतेस. मी इतकी खूश झाले की त्याला माझा वडापाव दिला. मग दादा आला, त्याने गिटार जोडली आणि मी पुन्हा गायब झाले. पेडल तीच, पट्ट्या त्याच.

म्हणून मी दादाचा अॅम्प नीट पाहिला. त्याचं बेसचं, म्हणजे गिटारचा तळातला जाड आवाज वाढवायचं बटण पार उजवीकडे आहे, जिथे पुढे फिरायला जागाच नाही. त्याच्या गिटारचा तळ आणि माझा बेस एकाच खुर्चीवर बसायला बघतात आणि दादा जड आहे. मी बटण फिरवायला गेले तर त्याने माझा हात धरला. प्रत्येक बटणाशेजारी गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका आहे. दादा म्हणाला की ते बाबांनी लावलेत, तिथून काही हलवायचं नाही.

मामा, ते ठिपके खरंच तुम्ही लावलेत का? वीस दिवस उरलेत. मी काय करू?

कळावे, आणि लवकर कळवावे.
स्पृहा


शनिवार पेठ, पुणे
१ फेब्रुवारी २०२५

चि. स्पृहास आशीर्वाद.

हे पत्र मामी लिहिते आहे. तुझं पत्र आल्यापासून यांनी रेडिओ दोनदा पुसला आणि एकदा उघडला. रेडिओला काहीही झालेलं नाही.

नेलपॉलिश माझं होतं. बारा वर्षं झाली. आमोद कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि कोणाकडून तरी जुना अॅम्प घेऊन आला होता. एरवी हे त्या गिटारकडे उंदीर पाहावा तसे पाहायचे, पण त्या रविवारी दुकान बंद ठेवून दिवसभर त्याच्याबरोबर फरशीवर बसले. एकट्या गिटारचा आवाज पातळ वाटतो म्हणून तळ पूर्ण वाढवला. मग माझी बाटली मागून ठिपके लावले आणि बजावलं, की हे आता कायमचं, कोणी हात लावायचा नाही. पोराने ते पाळलं. बाकी त्याने यांचं एक ऐकलं असेल तर शपथ.

यांना तुझ्या पत्रातून सगळं कळलं आहे. काल गॅससमोर उभे राहून मला म्हणाले, की अडतीस वर्षांत मी एका हॉलचा आवाज दुसऱ्या हॉलला कधी लावला नाही, आणि पोराला एका खोलीचा आवाज जन्मभराचा लावून दिला. मग चहा गार आहे म्हणाले.

तू ते बटण गुपचूप फिरवू नकोस. आमोदला हे त्यांच्याकडूनच कळायला हवं. मी यांना सांगितलं, की जिना अठरा पायऱ्यांचा आहे आणि आमोद वरच राहतो. गुडघा दुखतो म्हणाले. तेव्हा मी त्यांच्यासमोर पोस्टाचं पाकीट ठेवलं आहे. पाहू काय होतं.

येशील तेव्हा रिकाम्या पोटी ये.
तुझी मामी,
सरोजिनी


शनिवार पेठ, तळमजला
४ फेब्रुवारी २०२५

चि. आमोद यास आशीर्वाद.

वरच्या मजल्यावर पोस्टाने पत्र पाठवतो आहे, हसू नकोस. जिना मला चढता येतो. चढून गेल्यावर तू समोर असतोस, अडचण ती आहे.

तुझ्या अॅम्पवरचे ठिपके चुकीचे आहेत. लावले त्या दिवशी बरोबर होते. तू एका खोलीत एकटा वाजवत होतास आणि मी एकट्या माणसाचा आवाज लावून दिला. पुढे कधी विचारलं नाही, की आता कोणाबरोबर वाजवतोस, कुठे वाजवतोस. हे माझं कामच होतं. चूक माझी आहे. हे वाक्य लिहायला दोन कागद फुकट गेले.

बेसचं बटण निम्म्याच्याही खाली आण. तुला एकट्याला ऐकताना आवाज पोकळ वाटेल, वाटू दे. ती जागा स्पृहाने भरायची आहे. तू तिला काढून लॅपटॉप लावणार आहेस असं कळलं. लॅपटॉपही तुझ्या गिटारखाली असाच बुडाला असता, फक्त त्याने पत्र लिहून तक्रार केली नसती. मुलीने स्वतःचं सगळं सुधारलं आहे. आता तुझी पाळी, खरं तर माझी.

दुकानाचा विषय या पत्रात नाही. तोही मी असाच शेवटपर्यंत पिळून ठेवला होता की काय, यावर विचार चालू आहे. एका महिन्यात दोन चुका कबूल करणं मला झेपणार नाही.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण दिलंस तर बरं वाटेल.
बाबा


शनिवार पेठ, पहिला मजला
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस सा. न.

मी हसलो नाही. आधी थोडं हसलो.

मला चार वर्षांपूर्वी एका साउंडवाल्याने सांगितलं होतं की तुझ्या गिटारचा तळ सगळं गिळतो. मी त्याच्याशी भांडलो. त्यानंतर मलाही ऐकू येत होतं, पण मी बटण हलवलं नाही. बाबा, त्या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर दिवसभर बसलात, त्यानंतर पुन्हा कधी बसला नाहीत. बटण फिरवलं तर तेवढंही जाईल असं वाटायचं. तिशीतल्या माणसाने असं लिहू नये, पण सुरुवात तुम्ही केलीत.

स्पृहाला काढायला मी तयार झालो आणि ठिपका काढायला नाही. हे तुमचं पत्र वाचताना लक्षात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तिला अजून सांगितलेलं नाही.

उद्या चार वाजता हडपसरला सराव आहे. मी तुम्हाला गाडीवरून नेतो. आईकडून नेलपॉलिश आणि ते पुसायचं औषध घेऊन ठेवा. जुने ठिपके मी पुसणार नाही, तुम्ही पुसा. आम्ही तिघं वाजवत असताना नवे लावा, आणि पुढच्या हॉलला पुन्हा पुसायला या. वाटेत मागे बसून मला सिग्नल दाखवू नयेत ही विनंती.

चार वाजता म्हणजे सव्वातीनला खाली येतो.
आमोद


मांजरी, पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सा. न.

मामीने सर्दीमुळे तुम्हाला परवा घरीच डांबलं, म्हणून सविस्तर लिहिते. नऊ तारखेच्या सरावाला तुम्ही जुने ठिपके पुसून नवे लावलेत आणि दादाला एकदाही शाबासकी न देता चार तास खुर्चीत बसून राहिलात, आणि तो अजूनही त्याबद्दल सगळ्यांना सांगत फिरतो आहे.

परवा हॉल भरलेला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला माझा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येताना ऐकू आला. तीन वर्षांत हे कधी झालं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई माझ्या सुरावर मान हलवत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि दुसऱ्या गाण्यात, सगळं थांबून फक्त माझा एक लांब सूर राहतो त्या जागी, मी बेसच्या दांड्यावरच्या चुकीच्या पट्टीवर बोट ठेवलं.

मामा, तो सूर सगळ्या हॉलला ऐकू आला. त्या बाईंची मान थांबली. एका काकांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. साई हसला आणि त्याचा ठेका सुटता सुटता राहिला. चार मात्रा मी तो सूर धरून उभी होते, कारण सोडायचं सुचलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर दादा माझ्यावर ओरडला. साईसमोर, खुर्च्या उचलणाऱ्या माणसांसमोर, चांगली दहा मिनिटं. कोणती पट्टी, किती वेळा सांगितलं, घरी हात लावतेस की नाही. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता, कारण मी काय वाजवते हे त्यालाच ऐकू येत नव्हतं. मी मान खाली घालून उभी होते आणि मला इतका आनंद होत होता की डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं मी दुखावले, म्हणून तो आणखी चिडला.

सगळं टेम्पोत भरल्यावर म्हणाला, की गुरुवारी सरावाला अर्धा तास आधी ये, ती जागा पक्की करू.

सर्दी उतरली की लोभासह एक शिव्यांचं पत्र तुमच्याकडूनही यावं.
तुमची,
स्पृहा