फरशीवाला यायच्या आत पन्नास

विहीणबाईंना त्यांच्या एकुलत्या एका विहिणीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे खरी, सरळ व्हायला थोडा वेळ लागेल, तोवर पत्र सांगते.) तुमचे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे पत्र मी सांगतेय आणि तुमची लेक लिहितेय. मला अक्षरओळख नाही याची तुम्ही लग्नाच्या बोलणीतच, वाचायला कागद पुढे सरकवून, खात्री करून घेतली होतीत. तेव्हा मजकूर चांगला वाटला तर तो माझा आणि काही चुकलं तर शिक्षण तुमच्या घरचं.

(आई, मी बरी आहे. कुकर लावून लिहायला बसलेय. – तुझी लेक)

मी श्वास घ्यायला थांबले तरी हिचं पेन चालूच आहे, हे मला दिसतंय हं.

तर गोष्ट अशी की तुमच्या जावयांनी गाडी घेतली. ती रस्त्यावर उभी राहते, तिला ऊन लागतं, म्हणून जावयांचा जीव खालीवर. (बत्तीस वर्षं मी भर उन्हात कपडे वाळत घातले, तेव्हा कुणाचा झाला नाही.) शेवटी त्याने ठरवलं की घरामागची माझी बाग सपाट करून तिथे फरशी घालायची. मला म्हणतो, ‘आई, तिथे आहे काय? चार जास्वंदी आणि गुडघाभर तण.’ मी म्हटलं, तिथे माझ्या ओळखीचे पन्नास जण राहतात, त्यांना विचारलंस का? तो हसला आणि हसण्याच्या भरात शब्द देऊन बसला: महिनाभरात पन्नास प्रकारचे किडे दाखव, फरशी रद्द. नाही दाखवलेस तर एक तारखेला फरशीवाला येणार. घरातली झुरळं आणि ढेकूण धरायचे नाहीत, हेही बजावलं. वकिलीच शिकवायला हवी होती त्याला.

आता लिहिता येत नाही तर हिशेब ठेवायचा कसा? आमच्या ह्यांचं शिवणाचं दुकान होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते गेले आणि बटणांची पेटी मागे राहिली. नवा किडा दिसला की त्याला शोभेलसं बटण शोधायचं आणि खिडकीतल्या बरणीत टाकायचं. ठिपकेवाल्या लाल किड्याला पोलक्याचं लाल बटण. चिखलाची मडकी करणाऱ्या त्या बारीक कमरेच्या माशीला कोटाचं तपकिरी. पानासारखा हिरवा नाकतोडा तीन दिवस बटणावाचून राहिला, कारण तसलं हिरवं माणसं अंगावर घालत नाहीत. आणि एक मोठा काळा भुंगा आहे, निळसर झाक असलेला. तो न सांगता येतो, घुमत घुमत सगळ्या घराला फेरी मारतो, दाराच्या चौकटीचं लाकूड नीट तपासतो, नापसंत असल्यासारखा आवाज करतो आणि निघून जातो. त्याला मी तुमचं नाव ठेवलंय. पेटीतलं सगळ्यात भारी बटण दिलंय, राग मानू नका.

दगडांकडेही लक्ष द्यायला लागले. कोपऱ्यातला काळा दगड, ज्यावर मी आयुष्यभर धुणं आपटलं, तो उखडावा लागेल म्हणाला माप घेऊन गेलेला फरशीवाला. म्हणून मी गल्लीतल्या दगडमास्तरांना बोलावलं. हे कॉलेजात भूगर्भ शिकवायचे, निवृत्त झाले तरी खिशात लहान हातोडी असते. त्यांनी दगडावर टकटक केली, भिंगातून पाहिलं आणि विहीणबाई, चक्क चाटला! मला वाटलं घरी जेवण मिळालं नाही, म्हणून मी ताट वाढायला उठले. तर म्हणाले, ‘आजी, चाटल्यावर दगड कळतो. हा ज्वालामुखीचा रस थिजून झालाय, ही भोकं म्हणजे त्यातले बुडबुडे.’ म्हणजे इतकी वर्षं मी ज्वालामुखीवर चादरी आपटत होते आणि कुणी मला सांगितलं नाही! त्या भोकांत इवल्या माश्या राहतात, दोन प्रकारच्या. दोन बटणं तिथेच वाढली. मग मला चाटण्याचा नादच लागला. पांढरा चाटला, तांबडा चाटला, कुंपणापाशी एक गुळगुळीत खारट मिळाला. मी मास्तरांना ओरडून सांगितलं, इथे समुद्र होता! पलीकडून दूधवाला म्हणाला, ‘आजी, तो आमच्या गाईचा चाटायचा मिठाचा गोळा आहे. सहा महिने झाले तिला देऊन.’ (गाय माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी तुम्हाला सांगणार नाही.)

असं करत बरणी एकोणपन्नासवर आली. आणि काल मोजली तर त्रेचाळीस! सहा पांढरी बटणं गायब. ही सहा म्हणजे माझी सहा जातींची पांढरी फुलपाखरं आणि पतंग. मला ती एकमेकांपासून वेगळी कळतात, तुमच्या शिकलेल्या लेकीला कळत नाहीत. तिने ती नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाला लावली. (लिही, लिही, थांबलीस का?) संध्याकाळी तो दारातून आत आला तशी मी त्याच्या गळ्यापासून मोजायला सुरुवात केली. ‘आई, काय करतेस?’ हलू नकोस, म्हटलं, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. तो गुदगुल्या होऊन दाराला टेकला, पण शेवटी पोटावरच्या बटणाशी एकोणपन्नास झाले आणि त्याला ते कबूल करावे लागले. एकच कमी. रविवारी शेवटची मोजणी आहे.

आता पुरे करते, दुपारच्या फुलपाखरांची वेळ झाली. तुमच्या घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची विहीण

ता.क. रविवारी सकाळी अवश्य या, लेकीला भेटायला म्हणून. येताना तुमच्या लिंबाच्या झाडावरची शिंगं असलेली हिरवी अळी डब्यात घालून आणा. झाकणाला भोकं पाडा. ही लबाडी नव्हे. ती पाहुणी म्हणून आली आणि इथलीच झाली, तुमच्या लेकीसारखी.

आणखी ता.क. आई, हे मी सासूबाईंना वाचून दाखवणार नाही. अळी आणू नकोस. आज सकाळी हे इस्त्रीच्या कपड्यांत जास्वंदीखाली पालथे पडलेले दिसले. मला वाटलं चक्कर आली. तर मुंग्या कसलासा पंख ओढत नेत होत्या आणि हे त्यांच्या वाटेतले खडे उचलून देत होते. तिथूनच, पालथ्या पालथ्या, फरशीवाल्याला फोन करून कायमचं नको म्हणून सांगितलं. ‘रविवारी आईला सांगू,’ म्हणाले. मी म्हटलं, खबरदार! अगं, महिना झाला, सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. भाजीत मीठ किती, ते मी एकटी ठरवतेय. आता आमचं दोघांचं ठरलंय: दर रविवारी ह्यांनी एक किडा बाद करायचा आणि मुदत आठवडाभर वाढवायची.