कावळ्याला दिलेला शब्द

४ डिसेंबर १९९६

आले एकदाची! गंगापूर रोडवरचा बंगला, मागे माझी स्वतंत्र खोली, नळाला गरम पाणी. दिंडोरीला द्राक्षबागेत औषधाच्या वासात जन्म काढला, त्यापुढे हा स्वर्गच. घरात सुतक आहे, पण मी कामाला आलेय, रडायला नाही. वारलेले मालक म्हणजे ढुंढिराज साहेब, नाटकातले नट. भिंतभर त्यांचे फोटो, एकात राजा, एकात दारुडा. मालकीण सुमेधाबाई लय गोड बोलतात. नवसाबाई, हे घर आपलंच समजा, म्हणाल्या. साहेब गेले त्याच दिवशी आधीची कामवाली कपड्यांचं गाठोडंही न घेता पळाली म्हणे. मूर्ख! असलं घर कोण सोडतं?

चौथी शिकलेय. अक्षरं विसरू नयेत म्हणून चार ओळी लिहीत जाणार.

७ डिसेंबर

बाईंचा चष्मा सापडेना, म्हणून पेपरातली साहेबांची बातमी मला वाचायला लावली. अडखळत वाचली. बाई मध्येच म्हणाल्या, जन्मसाल चुकलं, गावही चुकलं, साहेब नाशिकचे नव्हेत, विंचूरचे. शेवटी होतं, 'झोपेतच शांतपणे निधन.' तिथे बाईंनी माझ्या हातून पेपर घेऊन घडी घातली. मी म्हटलं, एवढं चुकलंय तर फोन करून झापा की त्यांना. बाई हसल्या. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, म्हणाल्या.

१० डिसेंबर

रामकुंडावर दहावा केला. साहेबांचा पुतण्या विहंग पुण्याहून आला होता. पिंड ठेवले, झाडावर कावळे ढीगभर, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. विहंग म्हणाला, काका, तुमच्या नावाने नाट्यस्पर्धा घेऊ. नाही. बाई म्हणाल्या, तुमची रंगाची पेटी जपेन. नाही. ऊन डोक्यावर आलं, उपाशीपोटी किती उभं राहायचं? माझं डोकं फिरलं. मी ना नात्याची ना गोत्याची, तरी पुढे झाले आणि ओरडले, साहेब, पेपरात खोटं छापलंय ते सगळं मी दुरुस्त करवीन, आता जेवा!

कावळा झपकन उतरला. लोक हसले. विहंग म्हणाला, मावशी, तुम्हाला आधीच पुढे करायला हवं होतं. बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या.

१४ डिसेंबर

एक कावळा स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसतो. पोळी टाकली तर तिच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो. शब्द दिलाय तर पाळायला हवा. बाई टाळत होत्या, म्हणून मीच पेपरवाल्यांना फोन केला होता. साल आणि गाव सांगितलं. आज दुरुस्ती छापून आली. येड्यासारखा पेपर कावळ्यापुढे धरला. हलला नाही.

१७ डिसेंबर

भाताचं पातेलं उघडलं तर मधोमध चोच मारलेली. वर झाकण होतं. खिडकी बंद होती. बाई म्हणाल्या, उंदीर असेल. उंदराला चोच कधी फुटली?

१९ डिसेंबर

दुपारी जरा पडले होते. तोंडावर काहीतरी आलं. मऊ, जड. डोळे उघडले, वर काहीच नाही, आणि श्वास येईना. हात झाडले. सुटलं. खिडकीत तोच.

२० डिसेंबर

दिंडोरीला बहिणीकडे पळाले. झुंबरने ताट वाढलं. भातात चोच. झुंबर म्हणाली, पिंडापुढे कशाला बोललीस गं, तुझ्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. आता शब्द पुरा कर, नाहीतर तो तुझ्याबरोबर फिरणार. कुठेही जा.

२२ डिसेंबर

परत आले. साल झालं. गाव झालं. मग उरलं काय? बातमी पुन्हा वाचली. 'झोपेतच शांतपणे' — आणि तोंडावर पुन्हा ते मऊ.

बाई मेथी निवडत होत्या. सरळ विचारलं, साहेब कसे गेले? मान वर न करता म्हणाल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करून बघा, मग विचारा. आणि नवसाबाई, शब्द तुम्ही दिलात. मी नाही.

आवाज तसाच. गोड.

२३ डिसेंबर

सकाळी पेपरात फोन लावायला गेले. फोनची वायर तोडलेली. खोलीत आले तर मागून बाहेरची कडी —

ओरडले. कोणी नाही. श्वास येत नाही. कावळा काचेवर चोच मारतोय. लिहिते. जमेल तसं लिहिते.

दुरुस्ती. नट ढुंढिराज झोपेत गेले असे छापले होते. ते झोपेत नव्हते. जागे होते. त्यांच्या तोंडावर उशी दाबली. दाबली ती त्यांच्या बायकोने, सुमेधा —

सुटला. श्वास सुटला. खिडकीत कावळा नाही. गेला. शब्द पुरा झाला, साहेब —

कडी वाजली. बाई आल्यात. म्हणतात, दमलात नवसाबाई, जरा आडव्या व्हा. हातात