मामीचा आवाज, दोन डिस्कवर

४ मार्च

जागा संपली! कॉम्प्युटर सकाळपासून रडतोय — डिस्क भरली, डिस्क भरली. उद्या एडिटिंगला लग्नाचं भलंमोठं काम येऊन पडणार आणि ठेवायला तसूभर जागा नाही. बसले आवरायला. मामीची फिल्म बाहेरच्या नव्या डिस्कवर हलवली. सावधपणा म्हणून त्या डिस्कची आणखी एक प्रत काढली. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'मामी १' आणि 'मामी २'. मग कॉम्प्युटरवरचं मूळ शूटिंग उडवलं, वरून कचरापेटीही रिकामी केली. कॉपी इतकी झटपट झाली की चहासुद्धा गार झाला नव्हता. नवी डिस्क म्हणजे काय वेग! स्वतःवर जाम खूश.

६ मार्च

मामीकडे जाऊन आले. ऑपरेशन नीट झालं, पण स्वरयंत्र काढावं लागलं. म्हणजे आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहिते. मला बघून पहिलं वाक्य काय? 'वाळलीस. फिल्म झाली का?' पाटीवरही तोंड तसंच आहे तिचं!

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लंबूने तिला दोन दिवस बोलतं केलं होतं. लंबू म्हणजे माझा नेहमीचा कॅमेरावाला. तिच्या गोष्टी, नातवंडांना मारलेल्या हाका, मामाला चष्म्यावरून झापणं — सगळं घेतलं त्याने. आणि हे सगळं आता माझ्याकडेच. मामा जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, घर फार गप्प झालंय गं, फिल्म झाली की सगळे बसून बघू. पुढच्या रविवारी देते म्हटलं. किती ऐटीत म्हटलं!

१० मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज 'मामी १' उघडली. सगळं लाल. मी जोडलेला प्रत्येक तुकडा जागच्या जागी आहे, मीच दिलेली नावं आहेत — 'मामी हसते', 'मामी हाक मारते', 'मामी ओरडते'. आणि प्रत्येकावर तेच: फाइल सापडत नाही. 'मामी २' लावली. तेच.

मी नुसता प्रोजेक्ट हलवला, म्हणजे कुठला तुकडा कुठे जोडायचा त्याची नोंद. शूटिंग त्याच्या आत नव्हतंच, बाहेरच्या फोल्डरला नुसतं जोडलेलं होतं. आणि तो फोल्डर मी माझ्या हाताने उडवला. एडिटिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते — आधी कॉपीचा आकार बघा, मग मूळ उडवा! मी बघितला नाही. चहा गार झाला नाही याचं कौतुक करत बसले.

दोन-दोन ठिकाणी जपून ठेवलं, आणि दोन्हीकडे काही नाही.

११ मार्च

डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने कॉम्प्युटर दिवसभर ठेवून घेतला. संध्याकाळी एवढंच विचारलं, यावर नंतर दुसरं काही भरलंत का? लग्न. अख्खं लग्न भरलं. मग काही मिळणार नाही, म्हणाला.

१२ मार्च

आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.

मामाचा फोन आला. रविवारी सगळ्यांना बोलावलंय, म्हणाला. मी तोंड उघडलं ते खरं सांगायला. शप्पथ. बाहेर पडलं, "मामा, लंबूच्या कॅमेऱ्यातली कार्डंच खराब निघाली. त्यात काही उतरलंच नाही."

तो म्हणाला, तुझा काय दोष त्यात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता लंबूलाही तेच सांगणं भाग होतं. फोन केला. कॅमेरा भाड्याचा, तो कधीच परत गेला. कार्डं तेवढी त्याची स्वतःची. घाबरलाच बिचारा. कार्डं आणून देऊ का, एकदा बघता का, म्हणाला. शूटिंग मिळाल्या दिवशीच मी त्याला नेहमीसारखं 'कार्डं पूस' म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याच दिवशी त्याचं नवं काम होतं. कार्डांत मिळणार तर काही नव्हतं. पण ती धडधाकट आहेत हे मात्र कुणीही सांगितलं असतं. तो पुढे काहीतरी सांगायला लागला, मी बोलूच दिलं नाही. म्हटलं, "टाकून दे ती. उद्या आणखी कुणाचं काम बुडवशील."

वर हेही म्हटलं! कुठून येतं हे सगळं माझ्या तोंडात?

१४ मार्च

मामाने त्याच्या ऑफिसच्या कार्यक्रमाचं शूटिंग लंबूला दिलं होतं, ते काढून घेतलं. मला मुद्दाम फोन करून सांगितलं, माझी बाजू घेतल्यासारखं. मी 'बरं' म्हटलं. बरं!

१६ मार्च

आज फिल्म बघायचा दिवस होता. फिल्म नाही, तरी मामाने जेवायला बोलावलं. सगळे पानात बघून जेवत होते.

इतक्यात लंबू आला. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच उभा राहिला, एवढा उंच माणूस, वाकून. मामीला म्हणाला, माझ्या हातून तुमचा आवाज गेला, मला माफ करा. मामा तोंड फिरवून बसला. मामीने पाटी ओढली, लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली. 'चूक होते. जेवून जा.'

तो जेवला. माझ्या शेजारीच बसवलं त्याला. वाढताना मी विचारलं, आणखी भात देऊ? तेवढंच बोलले मी. मामी मधूनच माझ्याकडे बघून हसत होती, धीर द्यायला. मला! कुठे तोंड लपवू?

१७ मार्च

सांगणार. आधी लंबूला, मग मामा-मामीला. जोड्याने मारू देत, पण सांगणार.

१८ मार्च

लंबूच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. डिस्क, लाल तुकडे, खोटं, सगळं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला,

"ताई, मी पुसली नव्हती ती कार्डं. मामी बोलत होत्या ना त्यात, हात होईना. दुसऱ्या कामाला नवी घेतली होती. तेच सांगत होतो फोनवर. तुम्ही टाक म्हणालात, म्हणून पक्कडीने मोडून टाकली."